आडी संपेपर्यंत

पिकनिकला निघताना नवऱ्याने पत्रपेटीतून टपाल काढलं आणि गाडीत माझ्या मांडीवर टाकलं. त्यात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जाड पाकीट होतं. ते मी लगेच फोडलं नाही. मांडीवर चित्रान्नाचं, आमच्याकडच्या लिंबाच्या भाताचं, पातेलं होतं, झाकण एका हाताने धरून ठेवावं लागत होतं.

अमेरिकेत येऊन मला तीन वर्षं झाली होती. नवरा संगणकाच्या कामावर आला होता आणि त्याच्या व्हिसावर मी. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. गावातल्या मराठी मंडळींची दर उन्हाळ्यात एक पिकनिक होई, तळ्याकाठच्या बागेत, शनिवारी. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस होती. ऊन इतकं स्वच्छ होतं की तळ्यापलीकडच्या झाडांची पानं मोजता आली असती. पुरुष शेगडीवर मक्याची कणसं भाजत होते. बदकं बाकांखाली येऊन ब्रेडचे तुकडे उचलत होती. मी एका झाडाखाली सतरंजीवर बसले आणि पाकीट फोडलं.

आत अप्पांचं एक पानी पत्र होतं आणि एक बंद खाकी पाकीट. खाकी पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावलेलं होतं. वर माझं लग्नाआधीचं नाव टाइप केलेलं होतं आणि डाव्या कोपऱ्यात तंजावूरच्या एम्प्लॉयमेंट ऑफिसचा शिक्का होता.

हा शिक्का म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. अप्पा आठवीपर्यंत शिकलेले, राजवाड्याजवळच्या एका कापडदुकानात उभ्याने कापड मोजून फाडायचं काम करत. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा घेतली आणि मला शिवगंगा बागेत नेलं. तलावाच्या पायरीवर बसून आम्ही लिंबाचा भात खाल्ला. "आता टीचर हो," एवढंच ते म्हणाले. बी.एड. झाल्यावर त्यांनीच माझं नाव एम्प्लॉयमेंट ऑफिसात नोंदवलं. आमच्याकडे सरकारी शाळेतली नोकरी नोंदणीच्या क्रमाने मिळायची. आठ वर्षं लागोत, दहा लागोत, दर तीन वर्षांनी कार्डावर नवा शिक्का घ्यायचा. तो चुकला तर क्रम जातो. मी इकडे आल्यावर तो शिक्का घ्यायला अप्पा गेले. दुपारच्या रांगेत उभे राहिले आणि पत्रात कळवलं, शिक्का झाला.

लग्न ठरताना नवऱ्याने त्यांना शब्द दिला होता. हिची नोकरीची ऑर्डर आली की आम्ही परत येऊ. तेव्हा तो मनापासून म्हणाला होता. अलीकडे कायम राहण्याचे कागद भरून झाले होते, आणि त्या शब्दाचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो.

मी खाकी पाकीट उघडलं. कालव्याकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात गणिताच्या शिक्षिकेची जागा. मूळ प्रमाणपत्रं घेऊन अमुक दिवशी हजर राहावं, न आल्यास क्रमाने पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

मग मी अप्पांचं पत्र वाचलं.

"तमिळमध्ये आहे का गं?" मंडळातल्या काकू शेजारी येऊन बसल्या. साठीच्या, पुण्याच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांच्याकडून मी देवनागरी गिरवत होते.

"अक्षरं तमिळ आहेत. भाषा आपलीच. आम्ही तंजावूरचे मराठी लोक असंच लिहितो."

"वाच बघू. कानाला कसं लागतं ते ऐकू दे."

मी वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच येत होता. अप्पांनी लिहिलं होतं: तुझ्या नावाचं पाकीट आषाढाच्या आरंभी आलं. शिकलेल्या मुलीचं पाकीट मी कसं फोडू. वरचा शिक्का बघून समजलं. आषाढात शुभ गोष्ट हलवू नये म्हणून देवापुढे ठेवलं. आषाढ संपला, पण आडी चालू होता. आडीही जाऊ दिला. आज आवणीचा पहिला दिवस, सकाळी पूजा करून पोस्टात टाकतो.

"आडी म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"तमिळ महिना, आवणीच्या आधीचा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यात लग्न नाही, घर बदलायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही."

"आणि वर आपला आषाढ. म्हणजे तुम्ही दोन्हीकडची अशुभं पाळता?"

"हो."

"आणि शुभं?"

"तीही दोन्हीकडची."

"मग बाई तुमच्या घरी काम कधी करतात?" काकू हसल्या. मीही हसले. "आणि पाकिटात काय होतं?"

"नोकरीचं बोलावणं. तारीख गेली."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मला काही वाटायला हवं होतं. मी तळ्याकडे बघत होते. एका माणसाने बोट वल्हवत अर्ध्यावर आणली होती आणि तो वल्ही उचलून नुसता बसला होता. मी विचार करत होते की त्याच्या डोक्यावर टोपी नाही, ऊन लागेल.

जेवणं झाली. माझं चित्रान्न लोकांनी दोनदा घेतलं. नवरा कागदी थाळी घेऊन आला तेव्हा मी त्याला ते बोलावणं दाखवलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसला.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "तारेनं कळवलं असतं तरी..."

"आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं."

"तुला जायचं होतं?"

मी खरंच विचार करून पाहिला. "ठाऊक नाही," म्हटलं. त्याने मान हलवली. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं, आणि ते मला दिसलंय हे त्यालाही कळलं. "संध्याकाळी फोन आहे ना अप्पांना," तो म्हणाला. "काय सांगणार?"

दोन आठवड्यांतून एकदा, तंजावूरला रविवारची सकाळ झाली की, अप्पा समोरच्या घरी जाऊन बसत. त्या घरी नुकताच फोन बसला होता. आमच्या शनिवारी संध्याकाळी साडेसात, त्यांचे सहा. मी कधी चुकवलं नव्हतं. बागेच्या फाटकाशी सार्वजनिक फोन होता आणि पर्समध्ये फोनकार्ड.

साडेसातलाही ऊन होतं, पिवळं आणि तिरपं. मी आकडे दाबले. पहिल्या घंटेलाच अप्पांनी उचलला.

"पत्र आलं?"

"आजच आलं, अप्पा."

"पाकीट? कुंकू पुसलं नाही ना?"

"नाही. तसंच आहे."

"मी फोडलं नाही हं. तुझी आई म्हणत होती, नुसतं उजेडात धरून बघा. मी म्हटलं, टीचरचं पाकीट आहे, हात लावू नको." ते दमले होते, किंवा सकाळचा आवाज तसा असेल. "काय होतं आत?"

"नोकरीचं होतं. शाळेतलं."

"कोणतं गाव?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"बसनं एक तास," ते म्हणाले. "उतरल्यावर नारळाच्या बागेतनं वाट आहे. मी गेलोय तिकडे, एका लग्नाचं कापड पोचवायला. चांगली शाळा आहे." मग विचारलं, "कधी हजर व्हायचं?"

त्यांना तारीख सांगितली असती तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. दुकानात गेले असते, कापड मोजलं असतं, आणि जन्मभर देवापुढच्या त्या जागेकडे बघितलं नसतं. इतकी वर्षं रांगेत उभं राहून जे आणलं ते आपणच देवघरात ठेवून घालवलं, हे त्यांना पेललं नसतं.

"अप्पा," मी म्हटलं, "मी येत नाही. आम्ही इथेच राहायचं ठरवलंय."

पलीकडे कावळ्यांचा आवाज आला. आमच्या गल्लीतले कावळे.

"जावई म्हणाले?"

"मी म्हटलं."

"बरं," ते म्हणाले. मी कार्डावरची मिनिटं संपतील असा विचार करत होते. "तुला जे बरं वाटेल ते. शिकलीस ती त्यासाठीच." मग हलकेच, "माझ्या मनात होतं, तू हो म्हणशील."

"हो अप्पा."

"ते पाकीट टाकू नको. शिक्का आहे त्यावर."

"नाही टाकणार."

आईशी बोलले, औषधाचं विचारलं, फोन ठेवला.

फाटकापासून परत येताना लोक सतरंज्या झटकत होते. काकूंनी माझ्यासाठी एक कणीस बाजूला ठेवलं होतं, गार झालेलं. "सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की मीच येत नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ते आता तुझ्यावर रुसणार."

"रुसू देत," मी म्हटलं. "रुसणं पुढे कमी होतं."

मी ते कणीस दाणा न दाणा खाल्लं. चव लागली नाही. नवरा रिकामं पातेलं गाडीत ठेवत होता. खाकी पाकीट मी त्याच पातेल्यात ठेवलं आणि झाकण लावलं.