पाच बोटांवरची नावं

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. पार्वतीआक्का संकेश्वरच्या, निवृत्त शिक्षिका. त्या आणि मी शाळाशाळांत जाऊन पोरांना सांगतो की, अंगाला कुणी नको तसा हात लावला तर ‘नको’ म्हणा, पळा आणि सांगा. कुणाला सांगाल? तर कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिल फिरवायची आणि पाच बोटांवर पाच नावं लिहायची.

सदलग्यात दुसरीतल्या एका पोरानं पाचही बोटांवर ‘गंगी’ लिहिलं. गंगी म्हणजे घरची म्हैस!

“ती कुणाला सांगत न्हाय, बाई.”

आक्का म्हणाल्या, “एक बोट गंगीला ऱ्हाऊ दे. बाकीची उठून मदतीला येणाऱ्या माणसांना दे.”

त्यानं बराच विचार करून आजीचं नाव लिहिलं.

एकदा एक बाप तावातावानं वर्गाच्या दारात आला. “काय शिकवलाय हो? पाव्हण्यांनी मांडीवर बस म्हटलं तर पोरगी सगळ्यांसमोर ‘मला आवडत न्हाय’ म्हणाली. लई अपमान झाला.”

आक्का शांतपणे म्हणाल्या, “पाव्हण्यांचा झाला. पोरीचा टळला.”

बाप गेला. पण पुढच्या पालकसभेला पहिल्या बाकावर तोच.

जांबोटीकडच्या एका पोरीचं एकच बोट भरलेलं होतं. त्यावर ‘कंडक्टरमामा’.

“का गं?”

“मी चढल्याबिगर गाडी सोडत न्हाईत.”

परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरकडेच बघत होते. माझ्या लहानपणी माझ्यासाठी थांबणारं असं एक माणूस हवं होतं. अजून हवंसं वाटतं. आक्कांनी काही न विचारता खिडकीकडची जागा मला दिली.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांसमोर बोललो. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. बायका मान हलवत होत्या, हात थांबत नव्हते. शेवटी सत्तरीच्या एक आजी पुढं आल्या आणि कागदावर पंजा ठेवला.

“माझा बी काढा. मला लिवता येत न्हाय. पयल्या बोटावर माझ्या आईचं नाव घाला.”

“आई हायत?” आक्कांनी विचारलं.

“जाऊन तीस वर्सं झाली.”

आक्कांची पेन्सिल थांबली.

“तिलाच सांगायचं हुतं,” आजी म्हणाल्या. “ती सूप कवा खाली ठेवतीया, याची वाट बघत बसले.”