आबांच्या नावावर आलेलं पाणी

आमच्या गावात, नरडाण्याच्या अलीकडे, उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. माझे वडील, म्हणजे आबा, सरपंच झाले तेव्हा त्यांनी गल्ल्यांची पाळी नव्यानं लावली. चढावरच्या गल्लीला पाणी पोचायचंच नाही, म्हणून तिला पहिली पाळी. आमच्या गल्लीला शेवटची. आई म्हणाली, "सरपंचीण होऊन हेच मिळालं का मला?" आबा हसले, पाळी काही बदलली नाही.

हे सगळं गावच्या हरिनाम सप्त्यातल्या कीर्तनांमुळे. प्रजेची चूल पेटल्यावर राजानं आपली पेटवावी, असं महाराज दरवर्षी सांगायचे. बाकीचे मान डोलवून घरी जायचे. आबांना कीर्तन बाधायचं! सप्त्याच्या शेवटी भंडाऱ्याच्या जेवणातसुद्धा शेवटची पंगत उठल्यावरच ते वरण-बट्टीला हात लावायचे, तोवर बट्टी दगड झालेली.

माझा साखरपुडा नेमका सप्त्यात आला, आणि नेमका चढावरच्या गल्लीच्या पाळीच्या दिवशी. आबांनी मळ्यातल्या विहिरीवरून चार ड्रम भरून आणले. "पुरे झालं," म्हणाले. माझा जीव मात्र खालीवर. मुलाकडचे फैजपूरचे, केळीच्या बागांतले, बारमाही पाणी बघितलेले. ते आमच्या दारात ड्रममधून मगानं पाणी काढून हात धुणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उजाडल्यावर मी टाकीपाशी गेले. पाणी सोडणारे नाना नुकताच चढावरच्या गल्लीचा वॉल उघडून बसले होते. मी म्हटलं, "नाना, आज आधी आमच्याकडे सोडा. आबांनी सांगितलंय."

त्यांनी एक शब्द विचारला नाही. इतक्या वर्षांत आबांनी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं, मग शंका कशाला येणार? उठले, तो वॉल बंद केला, आमचा उघडला. तासाभरात आमच्या टाक्या भरल्या आणि गावची टाकी रिकामी झाली.

कार्य छान झालं. फैजपूरची मंडळी आमच्या टाकीच्या नळाखाली हात धुऊन जेवायला बसली. आबा हात धुवायला आले आणि वाहत्या नळापुढे थांबले. मग नळ बंद करून ड्रममधलं पाणी घेतलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मीच सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या नावावर?"

"हो."

"नुसतं पाणी घेतलं असतंस तर भरून देता आलं असतं," एवढंच बोलले आणि न जेवता उठले. मला राग आला, खरं सांगते. एका तासाच्या पाण्यासाठी एवढा तमाशा!

दोन दिवसांनी भंडारा. पहिली पंगत बसली तशी आबा हात जोडून उभे राहिले. "परवा चढावरच्या गल्लीचं पाणी माझ्या घरी गेलं. पुढची आमची पाळी त्यांची." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी वरणाची बादली धरून उभी, मान वर होईना.

चढावरच्या गल्लीतली एक म्हातारी अक्का पत्रावळीवरूनच बोलली, "पोरनं कार्य बठ्ठा गावनं शे, आबा. सांगं असतं तर आम्हीच हंडा भरी दिन्हा असता." लोकही म्हणाले, पोरीचं कार्य सगळ्या गावाचंच, जाऊ द्या. पंगत पुढे सरकली. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. चढावर पाइप फुटला, पाणी गटारात चाललं होतं. आबा तिथेच चिखलात हातानं भोक दाबून बसलेले. मला म्हणाले, "पळ, नानांना वॉल बंद करायला सांग."

मी धापा टाकत टाकीपाशी पोचले. "नाना, वॉल बंद करा! आबांनी सांगितलंय."

नाना उठले नाहीत. माझ्याकडे बघितलं, थोडे ओशाळले, आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी आबांचा नंबर लावला. तिकडे आबांचे दोन्ही हात पाइपावर होते. रिंग वाजत राहिली. नाना बसलेले, मी उभी, आणि पाणी वाहत होतं.