औषध लावलेलं बी: राजूरच्या बाजारातून धरणापलीकडच्या वाडीवर

भंडारदऱ्याला जायचं ठरलं की ओळखीचे लोक मला रस्ता विचारतात, कारण नोकरीची पहिली वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात काढली. रस्ता सांगेनच. पण त्या रस्त्यानं १९७३ साली मी एक तीन दिवसांची फेरी केली, ती आधी सांगतो. ती राजूरच्या आठवडी बाजारात, चहाच्या टपरीपुढे, एका वाक्यावरून ठरली.

मी मूळचा मिरजगावचा, ज्वारी-बाजरीच्या मुलखातला. शेती सहायक म्हणून अकोल्याला आलो तोवर भाताचं रोप हातात धरलं नव्हतं. आदल्या हंगामात पाऊस कमी, त्यात धरणापलीकडच्या वाड्यांवर भाताला करपा रोग पडला होता. पानांवर डोळ्यासारखे ठिपके पडले, मग लोंबीची मान काळी होऊन मोडली आणि दाण्याऐवजी फोल हाताला लागलं. ही बुरशी बियातूनही येते. म्हणून मे महिन्यात मी वाडीवाडी हिंडलो. बी मिठाच्या पाण्यात बुडवायचं, तरंगलेलं पोचट काढून टाकायचं, उरलेलं वाळवून त्याला पाऱ्याची करडी भुकटी चोळायची. सगळं माझ्या हातानं केलं. लोक बिचकू नयेत म्हणून त्या भुकटीला मी 'औषध' म्हणत होतो.

जून अर्धा सरला तरी पाऊस नव्हता. राब, म्हणजे रोपं टाकायच्या जागा, भाजून तयार होते, बी पोत्यात पडून होतं. बाजारात मला धोंडू भेटला. एका वाडीवर मी त्याच्या भावाचं बी माखून दिलं होतं.

"सायेब, तुमच्या बियाचा भात लई ग्वाड लागतो म्हनं," तो म्हणाला.

"कसला भात?"

"कणगी रिकामी झाली. दादा दुष्काळी कामावर खडी फोडाया गेलाय. वैनीनं त्यातलंच थोडं कांडलं. लेक बाळंतपनाला आलीय ना, सातवा चाललाय तिला."

चहा अर्धाच टाकला. धोंडूला घेऊन मी तसाच एस.टी. थांब्याकडे पळालो.

राजूरहून शेंडीला गाडी जाते. आज रस्ता चांगला आहे, तेव्हा खडीचा होता आणि प्रत्येक चढावर ड्रायव्हर इंजिनाला पाणी पाजायचा. शेंडीच्या हॉटेलात भजी तळणं चालू होतं. धोंडूनं खाऊन घ्या म्हटलं, पण मी थांबलो नाही. तिथून धरणाच्या कडेनं तीन तास पायी. तुम्ही पावसाळ्यानंतर जाल तेव्हा तिथे निळंशार पाणी असेल. मी पाहिला तो तडकलेला गाळ आणि त्याच्या पार खाली उरलेलं डबकं. डोक्यात औषधाच्या डब्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकातल्या ओळी फिरत होत्या. ओठ नि बोटं बधिर होतात. चाल बिघडते. नजर जाते. पोटातल्या बाळाबद्दलची ओळ तर मी तेव्हा अर्धीच वाचून पान उलटलं होतं.

वाडीत शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. धोंडूच्या भावाच्या घरापुढे एक कोंबडी मान टाकून बसली होती. आत उखळाशी धोंडूची वहिनी ठकूबाई कांडत होती, मुसळाच्या प्रत्येक घावाला करडी धूळ उडत होती. भिंतीला टेकून तिची लेक सखू तांदूळ पाखडत बसली होती.

मी मुसळच धरलं. "थांबा! हे खायचं नसतं!"

ठकूबाई गोंधळली. "का वो? औषध लावल्यालं हाय ना? म्हनूनच तर लेकीला घालते. पोटुशीला औषध चांगलंच की."

मी मुसळ उखळाबाहेर काढून ठेवलं.

"हे विष आहे, बाई. बुरशी मारायचं विष."

"इख?" तिनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुमी औषध का म्हनलात?"

मी चावडीवर तिच्या नवऱ्याला आणि इतर पुरुषांना शेवटी जाता जाता, हसत, 'खायचं नाही बरं का' असं सांगितलं होतं. चूल पेटवणाऱ्या एकीलाही सांगितलं नव्हतं.

"किती दिवस खाताय?"

"हिला दोनदा भात घातला. चार पान्यांनी धुवून. मी न्हाई खाल्ला."

"मग तुम्ही काय खाता?"

"कोंड्याची भाकर. बारा-तेरा दिस झालं आसतील."

ठकूबाईनं भात खाल्ला नाही म्हणून वाटलेलं हायसं तेवढ्यातच विरलं, कारण भुकटी असते ती टरफलावर, आणि कांडल्यावर टरफलाबरोबर ती जाते कोंड्यात.

उरलेला तांदूळ नि कोंडा आम्ही लांब खड्डा करून पुरला. राहिलेलं बी पेरायला चालेल, पण पोतं बांधून माळ्यावर टाका, असं मी धोंडूला तीन वेळा बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना घेऊन शेंडीला निघालो. ठकूबाई माझ्यापुढे चालत होती आणि दोनदा अडखळली. वाट दगडांची होती. पण त्या दगडांनी की कशानं, हे मला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. शेंडीत जीप मिळाली. राजूरच्या डॉक्टरांनी दोघींची नाडी, डोळे, चाल बघितली.

"आज काही दिसत नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पारा उशिरा दिसतो. कधी महिन्यानं, कधी त्याहूनही पुढे. माझ्याकडे त्यावर औषध नाही. वाट बघायची."

तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो. बायकोनं भात वाढला. मी ताट सरकवलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मी राहिलेल्या सगळ्या वाड्यांवर पुन्हा गेलो, या वेळी पाणवठ्यांवर, आणि बायकांना सरळ 'विष' म्हणून सांगितलं. काहींनी माखलेलं बी फेकून दिलं, दुसरं पेरलं, आणि त्यांच्या खाचरांत करपा आला. त्याबद्दल त्यांनी मला बोल लावला. मी ऐकून घेतलं.

सखूला मुलगी झाली. मी बघायला गेलो तेव्हा तिला ऐकू येतं का म्हणून टाळी वाजवली, ती दचकून रडली, आणि मला ते रडणं संपूच नये असं वाटलं.

त्याआधी, पाऊस आल्यावर लावणीच्या दिवसांत, ठकूबाईला बांधावरून पाहिलं होतं. बाकीच्या बायका न बघता भराभर रोपं खोचत पुढे निघून गेल्या होत्या. ही मागे राहिलेली. प्रत्येक रोप डोळ्यांसमोर धरायची, मग वाकायची.

"बोटं मुकी झाली," ती म्हणाली. "बघितल्याबिगर कळंना, रोप हातात हाय का गळालं."

माझ्यावर ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला चहा घ्या म्हटलं.

त्या दिवशी घरी येऊन हात धुवायला मोरीत बसलो. बारा वाड्यांचं बी मी याच उघड्या हातांनी माखलं होतं. पाणी गार आहे की कोमट, हे बोटांना कळतंय ना, एवढंच तपासत बसलो. बायको दारात येऊन विचारत होती, काय झालं म्हणून. आता वयाची सत्तरी उलटली. अजूनही सकाळी तोंड धुताना आधी तेवढं तपासतो, मगच तांब्या उचलतो.