ट्रेलरच्या मागे कोण उभं राहणार

नवरा गेल्यावर मी घरातल्या वस्तूंचे तीन भाग केले: ठेवायच्या, द्यायच्या आणि विचारायच्या. कॅम्पिंगचा ट्रेलर तिसऱ्या भागात होता. विचारायचं होतं मुलीला. ती ओसाकाला शिकते. फोनवर आमचं बोलणं मराठीत चाललं होतं, ट्रेलरचा विषय निघाल्यावर ती जपानीत म्हणाली, "विकू नकोस." मनातलं काही बोलायचं असलं की ती जपानीत जाते. मी ट्रेलर ठेवायच्या भागात टाकला आणि पुढचं काम हातात घेतलं.

पण अडचण ठेवण्याचीच होती. नागोयात आमच्या इमारतीत फक्त एका गाडीपुरती जागा आहे, म्हणून ट्रेलर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मोकळ्या प्लॉटवर, कोपऱ्यात उभा असतो. जागेच्या मागे त्यांच्या वडिलांनी बांधलेली ठेंगणी दगडी भिंत आहे. करार दरवर्षी नवा होतो. या वसंतात ते ओया-सान, म्हणजे जागेचे मालक, स्वतः घरी आले. मिठाईचा खोका पुढे केला, हवेबद्दल बोलले आणि मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "आधी तुम्ही दोघं होता. एक गाडीत, एक मागे. आता तुम्ही एकट्या. भिंत जुनी आहे हो. एकदा मला ट्रेलर लावून दाखवाल का? जमलं तर करार पुढे चालू. नाही तर..." पुढचं वाक्य त्यांनी मान झुकवून संपवलं.

ट्रेलरला जागा देणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं. म्हणजे लावता आला नाही तर विकायचा, एवढा साधा हिशेब होता.

आमचा ट्रेलर लहान आणि हलका, साध्या लायसन्सवर ओढता येणारा. तो जोडून हायवेवर मी पुष्कळ गाडी चालवली आहे. रिव्हर्स मात्र नेहमी नवऱ्याकडे. मी भिंतीपाशी उभी राहून ओरडायची, "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे... बास!"

"कोणाचं डावीकडे? तुझं की माझं?" तो खिडकीतून मान काढून विचारायचा.

"भिंतीचं!"

इतक्या वर्षांत ते काही ठरलं नाही.

आता मागे कोणी नाही, तर कॅमेरा हवा. मी तक्ता केला. वायरचा की बिनवायरचा. पडदा डॅशबोर्डवर की आरशावर. पावसात आणि अंधारात कसं दिसतं. फक्त रिव्हर्सला चालू होतो की चालवतानाही मागचं दाखवतो. बिनवायरचा बसवायला सोपा, म्हणून तो पुढे होता. तेवढ्यात अमेरिकेहून दिराचा फोन आला. तो हल्ली दर रविवारी करतो, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही. कॅमेऱ्याचं सांगितल्यावर त्याला हुरूप आला.

"वहिनी, तुम्ही काही शोधू नका. इकडे सगळे ट्रेलरवाले वापरतात तो मी पाठवतो. माझा मित्र येतोच आहे तिकडे."

मी हो म्हटलं. आपल्या लोकांची ही सवयच आहे: लागेल ते कोणाच्या तरी बॅगेतून मागवायचं. कुकर असा आला, पोळपाट असा आला. मिक्सरही असाच आला, पण इथल्या विजेवर तो नुसता कण्हतो. कॅमेरा आला, मी तो खिडकीत ठेवून लावून पाहिला, चित्र झकास होतं. मग बसवण्याआधी इथले नियम वाचले. ते मी आधी वाचायला हवे होते. बिनवायरच्या प्रत्येक उपकरणावर जपानमध्ये मान्यतेची एक खूण लागते. माझ्या कॅमेऱ्यावर ती नव्हती, म्हणजे तो इथे चालवणं बेकायदा.

"अहो, कोण बघायला येतंय?" दीर म्हणाला.

"इथे कोणी बघायला यावं लागत नाही."

"दादानं लावला असता."

"दादाच्या मागे मी उभी असायचे," मी म्हटलं. तो म्हणाला, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." कॅमेरा मी खोक्यात परत भरला आणि खोक्यावर 'परत' लिहिलं.

शेवटी वायरचा घेतला. ट्रेलरच्या पोटाखालून केबल पुढे आणून गाडीला प्लगने जोडायची. दुकानाने बसवून दिला. मग आठवड्याच्या मधल्या एका वारी सकाळी, एका होम सेंटरच्या, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानाच्या परवानगीने, त्यांच्या पार्किंगच्या रिकाम्या टोकाला सराव केला. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. हे मी मागे उभी राहून कायम पाहिलेलं होतं. हाताला ते ठाऊक नव्हतं. पडद्यावर हिरवी, पिवळी आणि लाल रेघ असते. रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. हिरवी, पिवळी, लाल, थांब. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

ठरल्या दिवशी मी गाडी प्लॉटवर घेतली. रिव्हर्स टाकला, तर पडद्यावर मधोमध ओया-सान. पेट्रोल पंपावरच्या पोरांसारखे दोन्ही हात हलवत ओरडत होते, "ओराय, ओराय!" म्हणजे येऊ दे, येऊ दे. रेघा त्यांच्या पोटावरून गेल्या होत्या. मी उतरले.

"ओया-सान, तुम्ही बाजूला व्हा."

"पण मागे कोणीतरी लागतंच."

"मग परीक्षा कोणाची?"

ते हसले, माफी मागितली आणि गेटपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनही त्यांचे हात थोडे हलतच होते. पडद्यावर नुसती भिंत राहिली. पहिल्यांदा ट्रेलर तिरका गेला. दुसऱ्यांदा फार तिरका. मी खाली उतरून बघितलं नाही, पुढे घेतला, पुन्हा सुरुवात केली. लाल रेघ भिंतीच्या पायाला टेकली तेव्हा ब्रेक दाबला.

ओया-सान वाकले, भिंत आणि ट्रेलर यांच्यात हात घालून पाहिला. ट्रेलर जरासा वाकडाच होता. "पूर्वीही वाकडाच असायचा," ते म्हणाले, आणि खिशातून सहीऐवजी मारायचा शिक्का काढला. करार गाडीच्या बॉनेटवरच झाला.

मुलीला फोन केला.

"राहिला," मी म्हटलं.

"योकात्ता," ती म्हणाली. बरं झालं. मग मराठीत विचारलं, "आई, मग आपण कुठे जायचं?"

त्याचा विचार मी केलाच नव्हता. म्हटलं, तू सांग.