बुलेटचा पुढचा शॉकअप

जुनी गाडी गॅरेजात उघडून ठेवली की तिच्याभोवती माणसं जमतात, आणि माणसं जमली की किस्से होतात. ते सांगायची मला हौस नाही. पण बाकीचे चुकीचे सांगतात, म्हणून मीच सांगतो.

कारण एवढंच झालं. आमची मंडळी एक दिवस मिरजगावला बहिणीकडे जाऊन आली आणि बुलेटवरून उतरताच म्हणाली, "आता पुन्यांदा ह्या गाडीवर बसायची न्हाई. खड्डा आला की कंबर मोडती. मी आपली एसटीनं जाईन."

लग्न झाल्यापासून ती माझ्या मागं बसत आली. ती एसटीनं जाणार आणि मी बुलेटवर एकटा? लोक काय म्हणतील!

दोष कुठं आहे ते मला माहीत होतं. खड्ड्यात हँडलला हिसका बसायचा. म्हणजे पुढचा शॉकअप.

*

भिंगारात रहीमभाईचं गॅरेज आहे. त्यानं गाडी बघून सांगितलं, "नाना, डॅम्पिंग सुधारावं लागेल, म्हणजे स्प्रिंगचं नाचणं आवरावं लागेल. फार नाचते. आत नवा व्हॉल्व्ह टाकू, तेल जाड घालू."

शेजारी पारनेरचा बबन बसला होता. माझा जुना दोस्त, उसाच्या ट्रॉल्या चालवून म्हातारा झालेला. त्याला एकच डंपिंग ठाऊक, ट्रॉली उलटी करून माल ओतायचं.

"डंपिंग? बुलेटवर ऊस वाहतोस का काय आता?"

मी हसण्यावारी नेलं. तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी बाजारात एक जण मला थांबवून विचारतो, "नाना, मुरमाची एक खेप टाकाल का?"

*

रहीमभाईनं सकाळी शॉकअपचा डावा पाय, म्हणजे डावीकडची नळी, खोलून व्हॉल्व्ह बसवला. मग चहा आला. चहावर गप्पा झाल्या. गप्पांनंतर त्यानं पुन्हा पाना घेतला, खोललं आणि ओरडला, "नाना! ये तो किसीने पहलेच बिठा दिया!"

"तूच बसवलास, बाबा! सकाळी! उजवा तिकडं हाय!"

*

तेल मापात घालायचं असतं. वर थोडी हवा राहावी लागते. हे रहीमभाईनं बजावलं आणि तो नमाजाला गेला.

बबन म्हणाला, "तेलात कंजुषी कशाला? जास्त घातलं तर जास्त मऊ हुईल." आणि मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात त्यानं दोन्ही पाय काठोकाठ भरून वर टोपणं आवळली!

शॉकअपची पहार झाली. मी अंगाचा जोर लावून दाबला. सील सुटलं आणि सगळं तेल माझ्या नव्या पायजम्यावर.

बबन मान हलवून म्हणाला, "बघ, आता कसा मऊ झाला!"

*

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दाबून बघायची. गाडी उभी दिसली की येणारा-जाणारा पुढचा ब्रेक धरतो, हँडल खाली दाबतो आणि मत देतो. पोस्टमन म्हणतो कडक आहे. दूधवाला म्हणतो ढिला आहे. एक भाजीवाला तर दाबून, कान लावून म्हणाला, "नाना, अजून जरा कच्चं हाय."

"कलिंगड हाय का ते?" मी म्हणालो. तो दोन पावलं मागं सरकला, पण मत बदललं नाही.

*

शेवटी काम झालं. आणि झालं म्हणजे असं झालं की हँडलवर हात ठेवून माणसाला झोप यावी! मी घरी आलो आणि मंडळीला सांगितलं, "चल मिरजगावला. एकदा बस. न्हाई पटलं तर एसटी तुझी."

बसली. वाटेत मी एकही खड्डा चुकवला नाही. मुद्दाम. स्पीडब्रेकरवरही गाडी हळू केली नाही. पुढचं चाक वर-खाली होत होतं, पण माझ्या हाताला काही कळत नव्हतं. मागून आवाज नाही. मी समजलो, पटलं!

तिच्या बहिणीच्या दारात गाडी थांबवली. बहीण, मेव्हणे, सगळे बाहेर आले. मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "बोल आता. कसं झालंय?"

ती कंबर धरून हळूहळू उतरली. पदर सारखा केला. शॉकअपकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पुढचं लई झ्याक झालंय," ती म्हणाली. "पन अहो, मी मागं बसते!"