जीपचा दुसरा तळ

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण त्याची लाजही वाटत नाही. घरात आलेलं दूध मी लॅक्टोमीटर घालून बघतो. रिक्षावाल्याने जवळचा रस्ता म्हटलं की मला तो लांबचा वाटतो. आणि गॅरेजमध्ये टाकलेली गाडी परत येते तेव्हा ती सगळीच्या सगळी आपलीच असते, यावर माझा काडीचा विश्वास नाही. ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आबांची जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली, ती याच कारणाने. बायको म्हणाली, "गाडी दुरुस्त करता येत नाही, पण मेकॅनिकवर संशय घेता येतो. एवढ्या भांडवलावर निघालात."

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव धानोऱ्याच्या अंगाला, शेती मिरचीची आणि कापसाची. आबांची जीप म्हणजे चपट्या तोंडाची, ताडपत्रीच्या छताची, चारही चाकांना जोर लावणारी जुनी गाडी. मिरचीची पोती वाहून वाहून तिच्या पत्र्याला असा ठसका चढला होता की मागे बसणाऱ्याला शिंक आल्याशिवाय राहत नसे. आबा गेल्यावर ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. फवारणीचे पंप, तुटलेलं वखर आणि कोंबड्या यांनी ती आपसात वाटून घेतली होती.

मला ती का हवी होती, ते सांगतो. माझ्या आईचं माहेर नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत. गावातल्या बाकीच्या बायका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जात; वर्षातून एकदा. माझी आई जवळजवळ दर महिन्याला जायची. आबा जीप काढायचे, मागे मिरचीची पोती असायची, पुढे आई आणि तिच्या मांडीवर मी. विसरवाडीला गाडी थांबायची, आबा कागदात भजी घेऊन द्यायचे, मग घाट, मग नवापूर, मग हद्द, मग मामाची आंब्याची झाडं. आबा मोठे तुसडे. गळ्यात माळ, दारूच्या थेंबाला न शिवणारे, आणि तोंडातून गोड शब्द न काढणारे. पण बायकोला दर महिन्याला माहेरी नेणारा माणूस तिच्यावर प्रेम करत असणार, असा मी लहानपणीच निष्कर्ष काढला होता. माझ्या बालपणात सुखाचं जे काही आहे त्यातलं निम्मं त्या पुढच्या सीटवर आहे. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मी त्या एका गोष्टीवर कधी घेतला नव्हता.

माझी मुलगीही गुजरातेतच दिली आहे, त्याच रस्त्याला. तिला लहान मुलगा आहे. या आखाजीला ती आली की परत सोडायला तिला आणि नातवाला याच जीपमधून, याच रस्त्याने न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. बायकोला सांगितलं तर ती हसली नाही. जीप झाकायला टाकलेली तिची जुनी चादर तिने स्वतःच ओढून काढली, तेव्हा मला बरं वाटलं.

आईला मात्र ही गोष्ट अजिबात रुचली नाही. पहिल्याच दिवशी ती काठी टेकत शेडपाशी आली आणि म्हणाली, "काय करी ऱ्हायना तू? भंगारवालाले दी टाक ना ते धूड."

"माय, आबांची गाडी आहे ती."

"तुन्हा आबा गया, तिले कसाले ठेवस?"

मला वाटलं, म्हातारीला आबांची आठवण सोसत नाही. मी मनातून विरघळलो. पण माझा स्वभाव फार वेळ विरघळलेला राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेडमध्ये खाट टाकून घेतली आणि माझ्यावर नजर ठेवून बसली. मी इंजिनाकडे असलो की डोळे मिटून जप करायची. मी मागच्या बाजूला गेलो की तिचा जप थांबायचा.

काम धिम्या गतीने चालू होतं. जाम झालेले नट डिझेलमध्ये भिजवायचे, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि व्हिडिओ करणाऱ्यावरही विश्वास ठेवायचा नाही. डिझेलच्या लाईनीत हवा अडकली होती, ती काढताना मी डोक्यापासून पायापर्यंत डिझेलने न्हालो. ब्रेकचे ड्रम उघडले तर आत उंदराने संसार मांडलेला. हे सगळं निस्तरून मी मागच्या पत्र्याला हात घालायचं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो मागे मिरचीची दोन पोती ठेवलेली.

मी ती उतरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मी बायकोला विचारलं, तिने हात जोडले. सालदार गड्याला विचारलं, तो म्हणाला, "मोठी मायनी सांगं, ठेवी दे." मी आईकडे गेलो तर ती म्हणे, "बाहेर धूळ लागस मिरचीले." घरात दोन रिकाम्या खोल्या असताना मिरचीला नेमकी जीपच कशी सापडते, हे मी विचारलं नाही. मी पोती उतरवली आणि काम सुरू केलं.

मागचा तळ सडला असेल तर नवा पत्रा किती लागेल, यासाठी मी माप घेतलं. आयुष्यभर मुलांकडून मापं घेववली, त्यामुळे हात आपोआप आतून आणि बाहेरून असं दोन्हीकडून फिरतो. दोन्ही मापं जुळेनात. बाहेरून गाडी खोल होती, आतून तेवढी नव्हती. वीतभर खोली कुठेतरी गडप झाली होती. मी टेप पुन्हा लावला, मग टेपवरच संशय घेऊन दुसरा आणला. शेवटी पान्याने तळावर ठोकलं, तर एके ठिकाणी बद्द आवाज आला आणि एके ठिकाणी घुमला.

बाजूच्या बाकड्यांखाली, सहज दिसणार नाहीत अशा जागी, स्क्रू होते. ते काढले आणि पत्रा उचलला. खाली दुसरा तळ होता. त्यात गोणपाट अंथरलं होतं आणि त्या गोणपाटाला ओळीने खिसे शिवलेले होते, एकाशेजारी एक, प्रत्येक खिशात कोरडा भुसा. मी एका खिशात हात घातला. त्यात एक बाटली उभी नाही, आडवी नीट बसेल आणि कितीही खड्डे आले तरी आवाज होणार नाही, इतका तो बेताचा होता.

आमच्याकडून हद्द ओलांडली की दारूबंदी लागते. तिकडे काय जातं आणि कसं जातं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आबा? गळ्यात माळ घालणारे आबा? मी स्वतःला समजावत होतो की हे आबांच्या आधीच्या मालकाचं काम असेल, किंवा कुणी मागून येऊन केलं असेल. मग माझं लक्ष टाक्यांकडे गेलं. दोन टाके जवळ, एक लांब, कोपऱ्यावर उलटा फास. माझ्या अंगावरच्या प्रत्येक गोधडीला हेच टाके आहेत. घरातली एकच बाई असे टाके घालते आणि ती माझ्या पाठीमागे खाटेवर बसली होती.

मी वळून विचारलं, "माय, हे काय आहे?"

तिने वाकून पाहिलं, जसं काही पहिल्यांदाच पाहतेय. "तुन्हा आबान्या फवारणीन्या बाटल्या. फुटू नही म्हनीसन शिवं व्हतं मी."

"फवारणीच्या बाटल्या पत्र्याखाली? स्क्रू लावून?"

"इखारी औषध. पोरंसना हात लागू नही." आणि ती उठून गेली. जप अर्धाच राहिला.

उत्तर खोटं म्हणावं तर तसं वावगं नव्हतं. कीटकनाशक घरात उघड्यावर ठेवू नये हे मीच गावाला सांगत असतो. पण खरं म्हणावं तर पटत नव्हतं. मी बायकोला दाखवलं. तिने खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाली, "मला लग्न होऊन आल्यापासून एक कोडं होतं. मला वर्षातून एकदा माहेर, आणि सासूबाईंना म्हणे महिन्याला. मी समजायचे, मामंजी फार हौशी होते." मला तिचा राग आला. खरं म्हणजे तिने माझ्याच मनातलं बोलून दाखवलं, म्हणून आला.

नंदुरबारला रंग घ्यायला गेलो तेव्हा दुकानाच्या शेठकडेही चाचपणी केली. त्यांचं दुकान काचेचं आणि रंगाचं, वडिलांपासूनचं, मूळ राजस्थानचे. आबांचं नाव काढताच शेठ म्हणाले, "तुमना आबा आमनाकडथीन काचना खोकामाधला भुसा लई जायेत. बाबूजी फुकट दी देयेत." मी विचारलं, कशासाठी? शेठ हसले आणि हिरव्या रंगाच्या छटांचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. ते का हसले, ते मला आजही ठाऊक नाही. माणसं ग्राहकापुढे उगीचही हसतात.

मी दुसरा तळ काढून टाकला नाही. वेल्डिंगने बंदही केला नाही. त्यात जॅक, पाने आणि दोरी ठेवली आणि पत्रा पुन्हा बसवला. आईने एकदा विचारलं, "ते बुजं ना?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली, पण त्यानंतर ती शेडमध्ये बसायला आली नाही. मला तिला छळायचं होतं का, तर थोडं होतं. तिने एकदा खरं सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो, असं मी तेव्हा मानत होतो.

आखाजी झाली. झोके झाले, गाणी झाली, सांजोऱ्या झाल्या. मुलगी परत निघाली त्या सकाळी जीप दारात उभी होती, हिरवीगार, धूर जरा जास्त सोडणारी. मागे पापडांचे डबे, कुरडया आणि आईने मुलीसाठी दिलेलं मिरचीचं पोतं. मुलगी मागच्या बाकड्यावर बसली, पोराच्या बॅगा सांभाळत. इतक्यात आई नऊवारीचा पदर खोचून आली आणि म्हणाली, "मी बी येस. पोऱ्याले मांडीवर लेस मी." ज्या बाईने ही गाडी भंगारात घालायचा हट्ट धरला, ती आता पुढच्या सीटवर चढून बसली. मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, आजचा दिवस संशय घरी ठेवा.

आणि मी ठेवला. विसरवाडीला भजी घेतली. पोरगं पणजीच्या मांडीवर उड्या मारत होतं, ट्रक दिसला की टाळ्या पिटत होतं. घाटात जीप धापा न टाकता चढली. माझी छाती फुगली होती. आबांनी काय केलं असेल ते असो, आईने काय शिवलं असेल ते असो, हा रस्ता आणि ही सीट माझी आहे, ती कुणी काढून घेऊ शकत नाही, असं मला त्या घाटात मनापासून वाटलं.

हद्दीपाशी गाड्या तपासत होते. पुढच्या मोटारीची डिकी उघडून बघितली, बॅगा उतरवल्या. मग एका पोलिसाने आम्हाला हात केला. मी निवांत होतो. कागद वरच्या खिशात होते, गाडीत पापड होते. तो मागे गेला, मिरचीच्या पोत्याला शिंकला आणि काठीने तळावर ठोकलं. आवाज घुमला. त्याने पुन्हा ठोकलं. मी उतरून सांगणारच होतो की साहेब, खाली पाने आहेत, या, दाखवतो.

तेवढ्यात पोरगं किंचाळलं. साधं रडणं नाही, श्वास अडकून निळं पडावं तसं. आई त्याला खांद्यावर घेऊन थोपटू लागली, तोंडाने मोठमोठ्याने "उगी, उगी रे भाऊ, ऊन लागनं मन्हा बाळले" असं चालू झालं, आणि चेहऱ्यावर अशी काकुळती आली की मला ती माझी आई वाटेना. पोलीस मागून पुढे आला, पोराकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. "जवा दो, जवा दो," तो दुसऱ्याला म्हणाला आणि आम्हाला हाताने हाकललं.

मी गिअर टाकला. "काय झालं गं त्याला एकदम?" मुलगी मागून वाकून विचारत होती.

"मुंगी चावनी व्हई," आई म्हणाली.

मी गिअरवरून नजर उचलली ती पोराच्या उघड्या मांडीवर पडली. तिथे नखांच्या दोन लाल खुणा होत्या, समोरासमोर. आईचा अंगठा आणि बोट अजून पुरते सुटले नव्हते. माझं लक्ष गेलेलं तिला कळलं. तिने हात पदराखाली घेतला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

नाका मागे पडला. आई त्याच हाताने पोराची मांडी चोळत होती, फुंकर घालत होती, आणि त्या फुंकरेत कुठेही खोटं नव्हतं. ते मी शोधत होतो, म्हणून सांगतो. मला तिचा भयंकर राग आला होता. या रस्त्यावर, याच जागी, मी किती वेळा असा रडलो, हे मी तिला विचारलं नाही. थोड्या वेळाने पोराचे हुंदके थांबले आणि तो तिच्या छातीला बिलगून, मोठ्या सुखाने झोपला.