पडद्यावरची आई

ओहायोहून हॉलिवूडला आलेली अर्डिस ट्विचेल बाविसाव्या वर्षीच मूकपटांत आई झाली. पांढऱ्या केसांचा टोप चढवून युद्धावर निघालेल्या लेकासाठी ढसाढसा रडायचं, हे तिचं काम. लेक व्हायचा लायल. तो तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. रडता रडता दोघांचं जमलं.

लग्नाचं कळताच घरमालकीण मिसेस हबेल कडाडल्या, "अगं, पोटच्या पोराशी लग्न?"

"तो सिनेमा होता, मिसेस हबेल!"

"मग मी तीन रुमाल भिजवले ते काय उगाच?"

पुढच्या चित्रपटात ती लायलची प्रेयसी झाली, तर प्रेक्षक चिडून उठूनच गेले. अर्डिसनं मुकाट्यानं पुन्हा टोप चढवला. घरी नवऱ्याशी भांडतानाही तिच्या तोंडून आता "बाळा"च निघायचं, आणि तो बिचारा लगेच गप्प बसायचा.